तलावाकाठचा मुक्काम

मुलांनो, 'मुक्काम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण 'मुकाम' म्हणतो, मराठीत 'मुक्काम' म्हणतात. शब्द एकच, पण मराठीत त्याचा अर्थ थोडा बदलला आहे. उर्दूत मुकाम म्हणजे ठिकाण. मराठीत मुक्काम म्हणजे प्रवासात वाटेवर थांबणे, तेथे रात्र काढणे. 'डेरा', 'कनात', 'मेख', 'सराई', 'मुसाफिर' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. फार पूर्वीपासून आपल्या मुलखातली माणसे एकमेकांबरोबर प्रवास करत आली, मुक्काम करत आली, म्हणून हे शब्द दोन्ही घरांत नांदतात.

या पाठात आपण एका वेगळ्या मुक्कामाची माहिती घेणार आहोत. हल्ली सुट्टीत बरेच लोक डोंगरातल्या एखाद्या तलावाकाठी जातात. तेथे लॉजमध्ये न राहता ते तंबूत राहतात. काही जण तर घरासारखी सोय असलेली मोटारगाडी घेऊन येतात. अशा मुक्कामाच्या जागा महाराष्ट्रात भंडारदरा, पवना यांसारख्या जलाशयांच्या काठी आहेत. ही जागा कशी असते, तेथे कोणत्या सोयी लागतात आणि तेथे कसे राहावे, हे समजून घेऊ.

आधी गाडीचे पाहू. चाकावरच्या या घराला 'कॅरव्हॅन' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असे वाटते. पण तो मूळचा फारसी 'कारवान' आहे. उर्दूतला 'कारवाँ' तो हाच. उंटांचा किंवा बैलांचा तांडा माल घेऊन दूरदेशी निघे, तो कारवान. तांडा जेथे रात्री उतरे ती कारवान-सराई. हा शब्द युरोपात गेला, तेथे त्याचा अर्थ बदलून 'राहण्याची गाडी' असा झाला आणि त्या अर्थाने तो पुन्हा आपल्याकडे परत आला.

आपल्या लातूर-नांदेड भागात असा प्रवास अनोळखी नव्हता. बंजारा समाजाचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. मोगल बादशहाच्या छावणीत तंबूंचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्याला 'पेशखाना' म्हणत. बादशहा पोहोचण्याआधी तेथे डेरे उभे असत. आजही ऊसतोड कामगार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात आणि कारखान्याजवळ कोपी बांधून राहतात. त्यांचा प्रवास पोटासाठी असतो, सहलीला गेलेल्यांचा आनंदासाठी. पण पाणी कोठून आणायचे, चूल कोठे मांडायची, शौचाला कोठे जायचे हे प्रश्न दोघांनाही सारखेच पडतात.

कॅरव्हॅनमध्ये झोपण्यासाठी फळ्या, छोटी शेगडी, हात धुण्याचे भांडे, पाण्याची टाकी आणि बहुतेक वेळा शौचकूपही असतो. अशी गाडी कोठेही उभी करून चालत नाही. टाकीतले पाणी संपते, विजेचा साठा उतरतो आणि मुख्य म्हणजे सांडपाण्याची टाकी भरते. म्हणून तिच्यासाठी खास तळ लागतो. त्याला कॅरव्हॅन पार्क म्हणतात. तेथे प्रत्येक गाडीला उभे राहण्यास सपाट जागा, विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि मैला ओतण्यासाठी बंदिस्त गटार असते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे असे असंख्य तळ आहेत. आपल्या देशात ही सुरुवात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी तसे धोरण जाहीर केले. तरी आपल्याकडे तलावाकाठी आजही तंबूच अधिक दिसतात.

आता भंडारदऱ्याला जाऊ. भंडारदरा हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत आहे. निलंग्याहून निघाल्यास लातूर, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले असा लांबचा रस्ता आहे. आपल्याकडची काळी सपाट जमीन मागे पडते. अकोल्याच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात, भाताची खाचरे दिसू लागतात आणि शेंडी गावाजवळ एकदम पाण्याचा मोठा विस्तार समोर येतो.

हे सरोवर निसर्गाने केलेले नाही. प्रवरा नदीवर दगडी धरण बांधून ते तयार झाले. धरणाचे काम १९२६ साली पूर्ण झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. जलाशय आर्थर सरोवर या नावानेही ओळखला जातो. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आहे. जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. दुसऱ्या टोकाला रतनगड आहे. प्रवरा नदी तेथेच उगम पावते. गडाच्या पायथ्याशी रतनवाडी गावात अमृतेश्वराचे जुने, कोरीव दगडी मंदिर आहे. हा सारा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो.

जलाशयाच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, रतनवाडी अशी लहान गावे आहेत. येथे महादेव कोळी या आदिवासी समाजाची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात पाऊस इतका कोसळतो की घाटघरला लोक जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पण डोंगर उताराचा असल्यामुळे पाणी वाहून जाते आणि शेतात मुख्यतः भाताचे एकच पीक निघते. अशा गावांतील तरुणांना तंबूंच्या मुक्कामामुळे थोडे काम मिळू लागले आहे. ते आपल्या शेतात किंवा मोकळ्या रानात तंबू लावतात. घरच्या बाया तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा असे जेवण करून देतात. पाहुण्यांना गड दाखवायला वाटाड्या लागतो. तोही गावातलाच असतो. आपण तेथे पैसे देतो हे खरे. तरीही आपण कोणाच्या तरी अंगणात उतरलेलो असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तंबू कोठे लावावा, यालाही शास्त्र आहे. पाण्याच्या अगदी कडेला तंबू लावणे दिसायला छान, पण चुकीचे. जलाशयातील पाणी धरणाच्या गरजेप्रमाणे चढते आणि उतरते. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर रात्रीतून पाणी वाढते. धरणाच्या खाली नदीच्या पात्रात तर तंबू कधीच लावू नये, कारण दरवाजे उघडले की पात्र थोड्याच वेळात भरते. जागा काठापासून दूर, थोडी उंच आणि सपाट असावी. डोक्यावर वाळलेली फांदी, वरच्या उतारावर सुटे दगड नसावेत. पूर्वी तंबूभोवती चर खणण्याची पद्धत होती. त्यामुळे माती मोकळी होऊन वाहून जाते, म्हणून आता चर न खणता मुळातच पाणी न साचणारी जागा निवडतात. तंबूच्या खाली ताडपत्री अंथरतात. मेखा जमिनीत तिरप्या ठोकतात. मेखेचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. दोरी ताणली गेली की अशी मेख उपटून येत नाही.

डोंगरातल्या तळ्याकाठी रात्री थंडी जास्त का वाजते? सूर्य मावळला की डोंगराचे उतार लवकर थंड होतात. त्यांना लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साठते. हवेत बाष्प भरपूर असते. ते थंड होऊन तंबूवर दव जमते आणि पहाटे पाण्यावर धुके तरंगते. म्हणून अगदी खोलगट जागी झोपणारा माणूस जास्त कुडकुडतो, आणि थोड्या उंचवट्यावर झोपणारा सुखी राहतो. दिवसा याच्या उलट घडते. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. त्यामुळे दुपारी तळ्यावरून गार वारा येतो. भूगोलाच्या पुस्तकातील खारे वारे आणि मतलई वारे तुम्हांला आठवत असतील. त्यांचीच ही छोटी आवृत्ती आहे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. तळ्याचे पाणी शांत दिसते, म्हणून ते निर्धोक असते असे नाही. जलाशय म्हणजे बुडालेली दरी होय. काठावर गुडघाभर पाणी असते आणि दोन पावलांवर एकदम खोली येते. तळाशी गाळ असतो, जुन्या झाडांचे बुंधे असतात. त्यांत पाय अडकतो. पाणी थंड असल्यामुळे हातपाय लवकर आखडतात. आपल्या विहिरीत पोहायला शिकलेला मुलगाही येथे फसू शकतो. दर वर्षी राज्यातील जलाशयांत आणि धबधब्यांखाली सहलीला आलेले तरुण बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत पोहता येणारेही असतात. म्हणून मनाई असेल तेथे पाण्यात उतरू नये. नावेत बसायचे तर अंगात तरंगणारे जाकीट घालावे. कोणी बुडू लागला तर त्याच्यामागे उडी न मारता दोरी, काठी किंवा रिकामा बंद डबा त्याच्याकडे फेकावा आणि मोठ्याने मदत मागावी.

मुक्कामावर चूल आणि शेकोटी हवीशी वाटते. पण अभयारण्यात झाडाची फांदी तोडणे गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. शेकोटी पेटवायचीच असेल तर यजमानाने ठरवून दिलेल्या जागी, त्याच्याच सरपणाने पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नयेत. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच प्राणाला मुकतो.

यानंतर येतो तो प्रश्न, ज्याविषयी बोलायला लोक संकोचतात. एका रात्री शंभर माणसे तलावाकाठी राहिली, तर त्यांचा मैला आणि सांडपाणी जाते कोठे? चांगल्या तळावर पक्के शौचालय आणि शोषखड्डा असतो आणि तो पाण्यापासून दूर असतो. जेथे अशी सोय नाही तेथे जगभर एक साधा नियम पाळतात: पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे सुमारे ८० पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर मातीने बुजवावा. भांडी आणि कपडेही काठावर धुवू नयेत. पाणी बादलीत दूर न्यावे आणि तेथे धुवावे. साबणाचा फेस जमिनीत जिरला तर माती तो पुष्कळसा गाळून घेते. तळ्यात गेला तर तो तळ्यातच राहतो.

ही काळजी फाजील नाही, हे एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेत डोंगरांच्या मध्ये ताहो नावाचे मोठे सरोवर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर असून ५०० मीटरपर्यंत खोल आहे. त्याच्याकाठी तंबूंचे आणि गाड्यांचे अनेक तळ आहेत. शास्त्रज्ञ तेथे एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीपर्यंत दिसते हे मोजतात. १९६८ साली ती सुमारे ३१ मीटर खोलीपर्यंत दिसे. माणसे वाढली, रस्ते आणि घरे वाढली, माती आणि घाण पाण्यात उतरू लागली. अलीकडच्या वर्षांत ती २० मीटरच्या आसपासच दिसेनाशी होते. तेथील लोकांनी वेळीच एक कडक निर्णय घेतला. सरोवराभोवतालच्या वस्तीचे सर्व सांडपाणी शुद्ध करून नळांतून डोंगरापलीकडे बाहेर नेले जाते. सरोवरात एक थेंबही सोडत नाहीत. एवढे करूनही गेलेली स्वच्छता परत मिळवणे त्यांना जड जात आहे. पाणी खराब व्हायला थोडी वर्षे पुरतात, सुधारायला पिढ्या लागतात.

आपल्याला हा नियम परका वाटू नये. साठलेल्या पाण्यात, रस्त्यावर आणि लोक विसावतात त्या सावलीत घाण करू नये, वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून घरात ऐकतो. तलावाकाठच्या मुक्कामाचे अर्धे नियम या दोन वाक्यांत आले.

उरलेले नियम जंगलातल्या इतर रहिवाशांसाठी आहेत. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस, पहिल्या सरींच्या सुमारास, भंडारदऱ्याच्या रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. ते पाहायला हजारो लोक रात्री येतात. काजव्याचा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर चमकून खूण करतो आणि मादी चमकून उत्तर देते. या भेटीसाठी त्यांना थोडेच दिवस मिळतात. मोटारीचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत पडले की त्यांची खूण एकमेकांना दिसत नाही. काजवे पाहायचे तर दिवा मालवून, गप्प उभे राहून पाहावे. कर्णे लावून गाणी वाजवणारा माणूस जंगलात जाऊनही जंगल पाहत नाही. उरलेले अन्नही बाहेर टाकू नये. त्याच्या वासाने माकडे, कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्याही येतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, कागद जसे आणले तसे परत न्यावेत.

मुलांनो, तंबू हा शब्द आपल्या भागात सगळ्यांना सुखाचा वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांना तंबूंत आणि पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढावे लागले. तुमच्या घरातील मोठ्यांना विचारा. त्या दिवसांची आठवण त्यांच्याकडे असेल. ज्याला छप्पर उरले नाही त्याचा तंबू वेगळा आणि जो हौसेने दोन रात्री उघड्यावर राहतो त्याचा तंबू वेगळा. हौसेने राहणाऱ्याला आपले घर शाबूत आहे याचे भान असावे. आपण ज्यांच्या रानात उतरलो त्यांचे जगणे रोज किती कष्टाचे आहे, हेही त्याने पाहावे.

पाण्याचे मोलही आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. त्या गाडीला 'जलदूत' म्हणत. ज्यांनी घागरींच्या रांगा पाहिल्या, त्यांना भंडारदऱ्याचे भरलेले सरोवर पाहून काय वाटत असेल, याचा विचार करा.

आणि ते पाणी आपल्यापासून तुटलेलेही नाही. नकाशा उघडा आणि प्रवरेवर बोट ठेवा. भंडारदऱ्याहून निघालेली प्रवरा अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमाजवळ गोदावरीला मिळते. तेथेच जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी पसरलेले आहे. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात जायकवाडीसाठी जे पाणी वरून सोडले गेले, त्यात प्रवरा खोऱ्यातील धरणांचेही पाणी होते. जायकवाडीच्या खाली गोदावरी मराठवाड्यातून वाहत नांदेडला येते. इकडे आपली तेरणा निलंगा तालुक्यातून वाहत मांजरेला मिळते आणि मांजरा तेलंगणाच्या हद्दीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे भंडारदऱ्याच्या काठी कोणी टाकलेली घाण वाटेवरच्या किती गावांच्या घागरीत उतरू शकते, ते पाहा. तसेच आपण तेरणेत टाकलेली घाणही खालच्या कोणाच्या तरी घागरीत उतरते.

म्हणून उद्या तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर भंडारदऱ्याला जा, नाही तर जवळच्या एखाद्या पाझर तलावाकाठी डबा खायला जा. निघताना एकदा मागे वळून आपण बसलो होतो ती जागा पाहा. तेथे फक्त दबलेले गवत दिसले पाहिजे. ते दोन दिवसांत पुन्हा उभे राहील.